६१ घेतली, २८ वाचली. तुम्ही पुस्तक विकत घ्यायचं कसं ठरवता?

वहीवाली
रविवार, रात्री १०:४०

मी १४ वर्षं एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्स बघते. त्यामुळे घरीही वही आहे. दूध, गॅस, पेपर, लेकाचा क्लास, आणि गेली दोन वर्षं शेवटच्या पानांवर पुस्तकं. रकाने पाच: तारीख, नाव, किंमत, का घेतलं, वाचलं का. "का घेतलं" हा रकाना नवऱ्यामुळे आला. एकदा म्हणाला, "तू पुस्तकं विकत घेत नाहीस, दत्तक घेतेस." मग म्हटलं, लिहूनच ठेवू.

आज दुपारी बेरीज केली. ६१ पुस्तकं, १६,९४० रुपये. वाचून झाली २८. उरलेली ३३ दिवाणाच्या पोटात आहेत. धनकवडीत आमचं वन बीएचके. दिवाणात पुस्तकं गेल्यामुळे पांघरुणं कपाटावर गेली, आणि थंडीत रजई हवी असली की स्टूल आणावं लागतं. हा घरातला अधिकृत तक्रार-मुद्दा आहे.

बेरजेपेक्षा "का घेतलं" या रकान्याने जास्त लाज आणली. "सवलत" म्हणून घेतलेली १९, त्यातली वाचली ४. गेल्या डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव होता, तिथे एका संध्याकाळी ९ घेतली. पिशवी उचलेना म्हणून धनकवडीपर्यंत रिक्षा केली. म्हणजे सवलत कुणाला मिळाली ते बघा. पेपरातलं परीक्षण वाचून घेतलेली ११, वाचली ५. परीक्षणं वाचून तर असं वाटतं की मराठीत वाईट पुस्तक निघतच नाही, निघतो तो महत्त्वाचा दस्तऐवज. मुखपृष्ठ आवडलं म्हणून ७, वाचली ३. प्रकाशन समारंभात घेतलेली ६, वाचली शून्य. तिथे लेखक दाराशी टेबल मांडून, पेनाचं टोपण काढून बसलेला असतो, तुमचं नाव विचारतो, आणि मग त्याच्यासमोरून हात हलवत कसं जायचं?

"कुणीतरी सांगितलं" म्हणून १२, वाचली १०. हे कुणीतरी म्हणजे दोनच माणसं. एक ऑफिसातली सहकारी, जी वर्षातून दोनदाच काहीतरी "बरं आहे" म्हणते. दुसऱ्या आमच्या लायब्ररीतल्या काउंटरवरच्या बाई. राहिली ६, ती लायब्ररीतून आधी वाचली आणि मग विकत घेतली. ती सहाच्या सहा वाचलेली. पण ही आकड्यांची चलाखी झाली, मलाही कळतं.

आता महिना १,००० रुपये असं ठरवलंय. आणि अडलंय एका पुस्तकाशी. अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानात एक कादंबरी आहे. लेखिकेचं पहिलंच पुस्तक, नाव कधी ऐकलेलं नाही. २०८ पानं, ३२० रुपये. मुखपृष्ठ करडं, मेलेलं. परीक्षण नाही, सवलत नाही, कुणी सांगितलेलं नाही. मधेच उघडलं तर ५७ व्या पानावर एक बाई रात्री साडेअकराला शेगडी पुसते आहे. नुसती पुसते, दुसरं काही घडत नाही. मी उभ्याने चार पानं वाचली. आणि ठेवून दिलं. असं तीनदा झालं. गंमत म्हणजे आवडलं म्हणून घ्यायचं, तर माझ्या रकान्यात असं कारण यापूर्वी एकदाही लिहिलेलं नाही.

असं पुस्तक तुम्ही घेता का? कशाच्या जोरावर?


चहा_बिनसाखरेचा
रविवार, रात्री ११:०२

अजून एक दिवाण घ्या.

६ पैकी ०! ते सहाही लेखक इथे येत नसतील अशी आशा करू.


फर्मा
सोमवार, सकाळी ७:१५

ताई, अप्पा बळवंत चौकात मी २२ वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला काढली. आता घरी असतो. तुमची वही आमच्या मालकांना दाखवायला हवी होती, त्यांनी सवलतीचा बोर्ड दुप्पट मोठा केला असता.

पुस्तक हातात घेतलं की लोक उलटं करून मागचं वाचतात. मलपृष्ठावर जे असतं ते प्रकाशकाने किंवा खुद्द लेखकाने लिहिलेलं असतं. मुलीच्या वडिलांनी मुलीचं कौतुक करावं तसं ते. त्याऐवजी शीर्षकाच्या मागचं पान बघा, बारीक अक्षरांतलं. तिथे पहिली आवृत्ती कधीची, पुनर्मुद्रणं किती, सगळं असतं. "दोन महिन्यांत तिसरी आवृत्ती" या पट्टीला मात्र भुलू नका, कारण आवृत्ती किती प्रतींची हे सहसा कुणी छापत नाही. आमच्या वेळी आवृत्ती म्हणजे हजार-अकराशे प्रती. हल्ली डिजिटल छपाईवर शंभर-दोनशेही काढता येतात. दोनशेच्या तीन आवृत्त्या म्हणजे सहाशे. पण २५-३० वर्षांत दर चार-पाच वर्षांनी एकदा पुनर्मुद्रण झालेलं पुस्तक दिसलं, तर ते कुणी ढकलत नाही, ते आपल्या पायांनी चालतंय.

किमतीवर चिकटपट्टी असेल तर नखाने खरवडू नका, आम्ही ओरडायचो. खालची किंमत बघायची असेल तर पान उजेडापुढे धरायचं.

आता तुमचं पुस्तक. १६ पानांचा एक फर्मा, म्हणजे एकाच कागदावर छापून घडी घातलेला जुडगा. २०८ म्हणजे १३ फर्मे. ३२० ला १३ ने भागा, फर्म्याला साडेचोवीस पडतात. माझ्या नजरेला साध्या बांधणीच्या कादंबरीला हल्ली वीसच्या आसपास बरे वाटतात. म्हणजे थोडं महाग आहे. पण पहिलं पुस्तक, अनोळखी नाव, तर प्रती कमीच काढल्या असणार, आणि कमी प्रती काढल्या की अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, प्लेटा यांचा खर्च थोड्याच प्रतींवर बसतो. लूट नाही ती.

लूट वेगळी असते. ९६ पानं, टपोरा टाइप, चारी बाजूंना गावभर समास, वर कडक पुठ्ठा आणि किंमत अडीचशे. असं पुस्तक तुमच्यासाठी छापलेलंच नसतं. सार्वजनिक ग्रंथालयांना सरकारी अनुदान असतं, कोलकात्याचं राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानही ग्रंथालयांना पुस्तकं पुरवतं. त्या खरेदीकडे डोळा ठेवून काढलेली पुस्तकं असतात. मार्च जवळ आला की आमच्याकडे याद्या घेऊन माणसं यायची आणि नावं न वाचता गठ्ठे बांधून जायची. त्यात चांगलीही असायची, नाही असं नाही.

आणि बांधणी. कादंबरी नुसत्या गोंदाने चिकटवलेली असली तरी चालेल. पण कोश, व्याकरण, पाककृती, म्हणजे जे वीस वर्षं उघडझाक करायचं, ते फर्मे शिवलेलं आहे का ते बघून घ्या. मधोमध उघडून घडीत दोरा दिसतो का पाहायचं.

राहता राहिली चार पानं. उभ्याने वाचणाऱ्यांना मालक फुकटे म्हणायचे. मी इतकी वर्षं बघितलंय, पंख्याखाली उभं राहून चार-पाच पानं वाचून पुस्तक ठेवून जाणारं गिऱ्हाईक दहा-बारा दिवसांनी परत येतं आणि सरळ त्याच फळीपाशी जातं. तुम्ही तर तीनदा गेलात. पुस्तक कधीच घेऊन झालंय, पैसे द्यायचे राहिलेत.

फक्त जूनमध्ये जाऊ नका. गाइडं, वह्या, युनिफॉर्मवाले पालक. कादंबरी विचारलीत तर पोरगं तुमच्याकडे बघणारसुद्धा नाही.


वर्गणीदार
सोमवार, दुपारी १२:३०

अगं, तुझे ते सहापैकी सहा म्हणजे चलाखी नाही. तोच तुझ्या वहीतला एकमेव खरा आकडा आहे.

मी ७१ वर्षांची. नारायण पेठेतलं पुणे मराठी ग्रंथालय, १९११ पासूनचं, तिथे आमच्या घराची वर्गणी सासूबाईंच्या वेळेपासून. सासूबाई दर गुरुवारी पुस्तक बदलायला जायच्या, आता मी जाते. त्यांचा नियम होता: वाचायला लायब्ररी, ठेवायला घर. पुस्तक परत करताना जिवावर आलं तरच विकत घ्यायचं. जिवावर आलं म्हणजे काय, तर तारीख उलटली, पुन्हा नावावर करून घेतलं, पुन्हा उलटली, आणि तरी पिशवीत टाकवेना. मी वर्षाला चार-पाचच पुस्तकं घेते. सगळी दोनदा तरी वाचलेली. दिवाणात रजया आहेत.

न वाचलेलं पुस्तक विकत घेणं म्हणजे न चाखता आंब्याची पेटी घेणं. मंडईत कुणी असं करतं का?


लेखकाची_बायको
सोमवार, रात्री ९:५०

मावशी, राग मानू नका, पण तुमच्या नियमाने माझ्या पलंगाखालची खोकी हलणार नाहीत.

नवऱ्याचं पहिलं पुस्तक आलं त्याला पाच वर्षं झाली. प्रकाशकाचं नाव सांगत नाही. करारात रॉयल्टी लिहिली होती, हातात पुस्तकं मिळाली. "मानधनाऐवजी प्रती." दीडशे प्रती, तीन खोकी, केर काढताना झाडू अडकतो. पुण्यातल्या कुठल्या लायब्ररीने ते घेतलं असेल ते मला माहीत नाही. लायब्ररी घेणार कधी, तर वाचकांनी मागितलं की. वाचक मागणार कधी, तर कुणीतरी वाचलं की. आणि तुमच्यासारखे चोखंदळ लोक वाचणार कधी, तर लायब्ररीत आलं की! पहिला आंबा कुणी चाखायचा?

ज्यांचं नाव झालंय त्यांना तुमचा नियम लावा ना. त्यांना काही फरक पडत नाही. ज्याला चाळीस माणसंही ओळखत नाहीत त्याचं पुस्तक मात्र बिनचाखताच घ्यावं लागतं. वर्षातून एक घ्या. नाही आवडलं तर ३२० रुपये गेले. दोन माणसांचा थिएटरातला पॉपकॉर्न.

वहीवाली, ती शेगडी पुसणारी बाई घेऊन टाका हो. तिच्या घरी पण खोकी असतील.


चहा_बिनसाखरेचा
सोमवार, रात्री १०:०५

+१. आणि तुमच्या पुस्तकाचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. खोक्यातली एक प्रत कमी करतो. सही नको.


बुधवार_रविवार
मंगळवार, सकाळी ११:२०

सहीवरून आठवलं. मी नवं पुस्तक विकत घेतच नाही. जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. प्रकाशन समारंभातली सगळी पुस्तकं शेवटी तिथेच येतात. माझ्याकडे "सप्रेम भेट" लिहिलेली वीसेक आहेत. एकात तर सही आहे, तारीख आहे, आणि पहिल्या फर्म्यापुढची पानं कापलेलीच नव्हती. ती मी सुरीने कापली, ४० वर्षांनी.

माझं ठरवणं सोपं आहे. नवी प्रत अजून दुकानात मिळते का? असेल तर सोडायचं, कधीही मिळेल. नसेल तर घ्यायचं, पुढच्या रविवारी ते तिथे नसतं. ताडपत्रीवर पसरलेल्या ढिगात खाली हात घालायचा, वर ठेवलेली सगळे बघतात. पाठ हलवून बघायची, वाळवी असेल तर मातीसारखा भुगा पडतो. असं पुस्तक कितीही दुर्मीळ असलं तरी घरी न्यायचं नाही, ते बाकीच्यांना खातं. शेवटचं पान आहे का ते आधी बघायचं. हे मी एक रहस्यकथा १९० पानं वाचल्यावर शिकलो.

आणि तिथे भाव विचारताना चेहरा पडलेला ठेवावा. आनंद दिसला की वीस रुपये वाढतात.


थेट_भाषांतर
मंगळवार, दुपारी ४:१०

एक कुणीच बोललं नाही. आपण मराठीत जे विकत घेतो त्यात अनुवाद केवढे असतात! तिथे मी लेखकाचं नाव नंतर बघते, अनुवादकाचं आधी. आणि कुठल्या भाषेतून केलंय ते. कन्नड किंवा मल्याळम कादंबरी इंग्रजीतून मराठीत आली असेल, तर तुम्ही उष्ट्याचं उष्टं खाताय. उमा कुलकर्णींनी भैरप्पा थेट कन्नडमधून आणले म्हणून तर आपल्याला ते आपलेच वाटतात. आमच्या घरी कितीतरी वर्षं आईला ते मूळ मराठी लेखक नाहीत हेच माहीत नव्हतं.

माझी परीक्षा: कुठलंही पान उघडायचं आणि संवाद मोठ्याने वाचायचा. (दुकानात पुटपुटत.) खेड्यातला म्हातारा नातवाला "मला भीती वाटते की तू चुकत आहेस" असं म्हणत असेल तर पुस्तक परत फळीवर.


वहीवाली
मंगळवार, रात्री १०:३०

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! ऑफिसात डबा खाताना वाचलं, सहकारीला दाखवलं. ती म्हणाली, "बरं आहे." म्हणजे या वर्षाचं एक संपलं.

फर्मा काका, ते बारीक अक्षरांतलं पान न बघितल्याचा फटका मला बसलाय. भाचीच्या वाढदिवसाला साने गुरुजींचं पुस्तक घेतलं. गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यावर ६० वर्षं झाली, त्यामुळे २०११ पासून त्यांचं लेखन कुणीही छापू शकतं. छापतातही, आणि स्वस्त छापतात. मी घेतलेलं सगळ्यात स्वस्त होतं. भाचीच्या आजीने दोन रात्री वाचून दाखवलं आणि तिसऱ्या रात्री म्हणाली, "यातला एक प्रसंगच गायब आहे की गं." आत बारीक लिहिलेलं होतं, संक्षिप्त. मुखपृष्ठावर नव्हतं. वाचवले ५५ रुपये.

किमतीचं तुम्ही सांगितलंत त्यात माझ्या धंद्यातली एक भर. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, म्हणून लोकांना वाटतं प्रकाशक सुटला. पण कागदावर आहे, छपाईवर आहे, आणि विक्रीवर कर नसल्यामुळे तो भरलेला कर वळताही करून घेता येत नाही. तो पुस्तकाच्याच किमतीत जातो. आमच्याकडे एका छोट्या प्रकाशकाची फाइल आहे. ती बघितल्यापासून मी पानं मोजून कुरकुर करणं थोडं कमी केलंय.

मावशी, तुमचं "पिशवीत टाकवेना" मी वहीत लिहून ठेवलंय. माझ्या त्या सहा पुस्तकांचं अगदी तसंच झालं होतं. एक तर मी हरवलं म्हणून सांगून दंड भरायच्या बेतात होते, मग लाज वाटली आणि नवीन घेतलं. तरी लेखकाची_बायको यांच्या आंब्याला माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे आहे का?


वर्गणीदार
बुधवार, सकाळी ८:००

नाही.

पण तिने नवऱ्याची एक प्रत ग्रंथालयात भेट द्यावी, आणि मला नाव कळवावं. मी गुरुवारी मागेन. मिळालं नाही तर पुढच्या गुरुवारी परत मागेन. काउंटरवरचा मुलगा मला घाबरतो.


लेखकाची_बायको
बुधवार, सकाळी ९:१२

मावशी!! व्यनि केलाय. प्रत आजच घेऊन जाते. केर काढायलाही जागा होईल.


वहीवाली
शनिवार, रात्री ११:१५

आज हाफ डे होता. स्वारगेटहून मेट्रोने मंडईला उतरले आणि चालत चौकात गेले. घ्यायचंच असं ठरवून गेले नव्हते. काकांनी सांगितलं तसं मागचं पान उजेडापुढे धरायचं, फर्मे मोजायचे, संवाद पुटपुटून बघायचे, असं सगळं करून मग ठरवणार होते.

फळी तीच, पुस्तक त्याच जागी, डावीकडून चौथं. काढलं तर आपोआप ५७ व्या पानावर उघडलं. आत मेट्रोचं तिकीट होतं. माझंच. तीन आठवड्यांपूर्वीची तारीख, स्वारगेट ते मंडई. वाचताना खूण म्हणून घातलं असणार आणि तसंच ठेवून दिलं असणार.

म्हणजे तीन आठवडे त्या दुकानात, त्या चौकात, ते पुस्तक माझ्याशिवाय कुणी उघडलं नव्हतं. उघडलं असतं तर तिकीट खाली पडलं असतं.

फर्मे मोजले नाहीत. ३२० रुपये पुढे केले. सवलत विचारायची राहिली, ती पोराने आपणहून १० टक्के दिली.

आत्ता ८८ व्या पानावर आहे. शेगडीवाल्या बाईला अजून झोप लागलेली नाही, मलाही नाही. वहीत तारीख, नाव, किंमत लिहून झाली. २८८. "का घेतलं" मध्ये काय लिहू?


चहा_बिनसाखरेचा
शनिवार, रात्री ११:२१

तिकीट चिकटवा तिथे.